रॅमचा वेग आणि मे महिन्याचे ऊन

संगणकासाठी रॅम विकत घ्यायला दुकानात गेलात, तर तिच्या खोक्यावर एक आकडा ठळकपणे छापलेला दिसेल. २६६६, ३२००, ६००० असा काहीतरी. आकडा जितका मोठा तितका संगणक वेगवान, असे दुकानदार सांगतो. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. शिवाय गंमत अशी की, ६००० लिहिलेली पट्टी घरी आणून बसवली, तरी पुष्कळदा ती निमूटपणे ४८०० ने चालत राहते. मग कोणी जाणता मित्र येतो, संगणक सुरू होताना एक कळ दाबून निळा किंवा काळा पडदा उघडतो, तेथे दोन-चार आकडे बदलतो आणि सांगतो, "घे, ओव्हरक्लॉक करून दिला!"

ओव्हरक्लॉक करणे म्हणजे यंत्राला त्याच्या प्रमाणित ठोक्यापेक्षा जलद ठोक्यावर पळवणे. हे कसे शक्य होते? वेग फुकट मिळत असेल, तर कारखानदाराने तो आधीच का दिला नाही? आणि जानेवारीत उत्तम चाललेला असा संगणक मे महिन्यात नांदेडच्या उन्हाळ्यात का बिघडावा? या तीनही प्रश्नांची उत्तरे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रापासून फार दूर नाहीत.

प्रथम रॅमच्या पोटात काय असते ते पाहू. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याला १९६६ साली एक अगदी साधी कल्पना सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट त्याला मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट साठवायचा. धारित्रात विद्युतभार असेल तर '१', नसेल तर '०'. ट्रान्झिस्टर हे त्या धारित्राचे दार. आजची प्रत्येक रॅम याच कल्पनेवर चालते. आठ गिगाबाइटच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी धारित्रे असतात. आपले बोट ज्यावर ठेवावे एवढ्याशा काळ्या चकत्यांत ती सामावलेली आहेत!

अर्थात इतक्या लहान धारित्रात भार तो किती मावणार? त्याची धारिता साधारण १० फेमटोफॅरड धरा, म्हणजे एका फॅरडचा १०० लाख कोटीवा भाग. त्यावर एक व्होल्टचा दाब दिला, तर भार = धारिता × विभवांतर या सूत्राने १०⁻¹⁴ कूलोंब एवढा भार येतो. त्याला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागा. उत्तर येते सुमारे ६२,०००. तुमच्या नावातले एक अक्षर संगणकात ज्या बिटांनी साठवले जाते, त्यातला एकेक बिट म्हणजे एवढेच साठ-बासष्ट हजार इलेक्ट्रॉन.

आणि हे इलेक्ट्रॉनही स्वस्थ बसत नाहीत. आपल्या घरातला मातीचा माठ आठवा. तो फुटलेला नसतो, तरी पाझरतोच. धारित्राचेही तसेच आहे. ट्रान्झिस्टरचे दार बंद असले, तरी फटीतून भार गळत राहतो. म्हणून रॅमला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक माठ एकदा तपासून पुन्हा काठोकाठ भरावा लागतो. या कामासाठी सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक आज्ञा दिली जाते. डीडीआर-५ या नव्या पिढीत तर मुदत ३२ मिलिसेकंदांवर आली आहे. संगणक बंद केला की रॅममधले सारे पुसले जाते, ते याचमुळे. भरणारा गेला, माठ रिकामे झाले.

येथे एक बारकावा आहे, तो मनात पक्का करून ठेवा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. पुन्हा भरण्यापूर्वी माठात पाणी आहे की नाही हे पाहावे लागते. निम्म्याच्या वर असेल तर तो '१' समजून काठोकाठ भरायचा. निम्म्याच्या खाली असेल तर '०' समजून पुरता रिकामा करायचा. म्हणजे एखादा '१' गळत गळत निम्म्याच्या खाली गेला, तर पुढच्या फेरीत रॅम स्वतःच्या हाताने त्याला '०' करून टाकते. मग चुकीचा मागमूसही उरत नाही.

आता वाचण्याची क्रिया पाहू. धारित्रे ओळींत मांडलेली असतात. हवी ती ओळ उघडली की त्या ओळीतील प्रत्येक धारित्राचा भार एका लांब तारेवर सांडतो. या तारेची स्वतःची धारिता त्या धारित्राच्या कितीतरी पट असते. त्यामुळे तारेवरचा दाब केवळ किंचित वर किंवा किंचित खाली सरकतो. तो किंचित फरक ओळखून मोठा करणारे एक मंडल तारेच्या टोकाशी असते. त्याला पुरेसा वेळ मिळाला तरच निवाडा बरोबर होतो. घाई केली तर काय होईल? गुरुजी शुद्धलेखन घालत आहेत आणि विद्यार्थ्याचा एक शब्द लिहून होण्याआधीच पुढचा शब्द उच्चारत आहेत, अशी कल्पना करा. काही वेळ हुशार मुलगा निभावून नेईल. मग एखादा शब्द अर्धवट ऐकला जाईल, आणि गुरुजींना ते कळणारही नाही.

हा लागणारा वेळ साधारण १० ते १५ नॅनोसेकंद असतो. एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. प्रकाश तेवढ्यात अवघे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढे अंतर जातो.

जलदूत गाडीचा दाखला

खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण. पुष्कळ लोक याला ३२०० मेगाहर्ट्झ म्हणतात, ते बरोबर नाही. घड्याळाचा ठोका १६०० मेगाहर्ट्झचाच असतो. ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा माहिती पाठवली जाते. 'डबल डेटा रेट', म्हणजे डीडीआर, हे नाव त्यावरूनच आले. प्रत्येक वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. तेव्हा ३२० कोटी गुणिले ८, म्हणजे सेकंदाला २५.६ गिगाबाइट. ६००० च्या पट्टीचा हाच हिशेब ४८ गिगाबाइटवर जातो.

पण याच खोक्यावर एक दुसरा, लहान आकडा असतो: सीएल १६, सीएल ३० वगैरे. मागणी केल्यापासून पहिली माहिती हाती येईपर्यंत किती ठोके थांबावे लागेल, ते हा आकडा सांगतो. या दोन आकड्यांतला फरक समजायला लातूरकरांना पुस्तक उघडण्याची गरज नाही. २०१६ चा दुष्काळ त्यांना आठवत असेल, आणि तुम्ही तेव्हा लहान असाल तर आई-वडिलांना विचारा. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. 'जलदूत' या नावाने ती गाडी ओळखली गेली. ११ एप्रिलला निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. तिला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून ५ लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात पुढे ५० वाघिणींची गाडी आली, तिने २५ लाख लिटर आणले.

आता विचार करा. दहाच्या पन्नास वाघिणी केल्याने पाणी पाचपट आले. पण मिरज-लातूर अंतर काही कमी झाले नाही. गाडी सुटल्यापासून पहिला थेंब मिळेपर्यंत लातूरकरांना तेवढेच तास थांबावे लागले. एका खेपेला किती माल आला हा एक प्रश्न आणि पहिला माल येईपर्यंत किती थांबावे लागले हा दुसरा. खोक्यावरचा मोठा आकडा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपले आपणच काढावे लागते.

ते काढूच. ३२०० च्या पट्टीचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. सीएल १६ असेल, तर थांबण्याचा काळ १६ × ०.६२५ = १० नॅनोसेकंद. ६००० च्या पट्टीचा ठोका ०.३३३ नॅनोसेकंदांचा, सीएल ३० असेल, तर पुन्हा १० नॅनोसेकंदच! आणखी मागे जा. २००३ च्या सुमारास ४०० ची रॅम नवी होती. तिचा ठोका ५ नॅनोसेकंदांचा, आणि चांगल्या प्रतीच्या पट्टीत सीएल २ असे. गुणाकार करा, १० नॅनोसेकंद. वीस वर्षांत आकडा पंधरा पटींनी वाढला, पण पहिल्या थेंबाची वाट पाहणे जिथल्या तिथे राहिले.

याचे कारण आपण वर पाहिलेच आहे. धारित्रातून तारेवर भार सांडण्याचा आणि तो ओळखण्याचा वेळ हा तारेचा रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर ठरतो. तार बारीक करावी तर तिचा रोध वाढतो. धारित्र लहान करावे तर त्यातला भार ओळखता येण्यापलीकडे जातो. म्हणून अभियंत्यांनी वाघिणी वाढवल्या. एकदा ओळ उघडली की डीडीआर-४ मध्ये लागोपाठ ८ आणि डीडीआर-५ मध्ये लागोपाठ १६ माहितीचे तुकडे सोडायचे. मला स्वतःला यातली ही युक्ती मूळ शोधाइतकीच सुंदर वाटते.

मग ओव्हरक्लॉक कशाचे होते?

रॅमच्या पट्टीवर एक चिमुकली वेगळी चकती असते. तिच्यात त्या पट्टीचे वेळापत्रक लिहून ठेवलेले असते. जेडेक या संस्थेने ठरवलेले प्रमाणित वेग त्यात असतात, आणि संगणक सुरू होताना तेच वाचून चालू लागतो. याखेरीज पट्टी तयार करणाऱ्याने आपल्या चाचणीत उतरलेला अधिक वेगही तेथे नोंदवलेला असतो. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या पद्धतीत एक्स्पो. ही नोंद आपण हाताने चालू करावी लागते. ६००० ची पट्टी ४८०० ने का चालत होती, ते आता लक्षात आले असेल. विंडोज असलेल्या संगणकात टास्क मॅनेजर उघडून त्यातील मेमरीचे पान पाहिले, तर चालू वेग तेथे लिहिलेला दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकावर एकदा पाहून घ्या.

आधी दिलेला वेग आणि प्रत्यक्ष झेपणारा वेग यांत अंतर का असते? कारखानदाराला लक्षावधी पट्ट्यांची हमी द्यायची असते. ती उन्हाळ्यात, धुळीत, स्वस्त मदरबोर्डवर, पाच-दहा वर्षे चालली पाहिजे. म्हणून तो सर्वांत दुबळे धारित्र कोणते हे पाहून मर्यादा ठरवतो. खरे तर बहुतेक धारित्रे ६४ मिलिसेकंदच काय, कित्येक सेकंद भार धरून ठेवू शकतात. पण कोट्यवधींतली काही थोडी नाठाळ निघतात, आणि संपूर्ण वर्गाला त्यांच्या चालीने चालावे लागते. ओव्हरक्लॉक करणारा जो वेग मिळवतो, तो या राखून ठेवलेल्या सुरक्षित फरकातून घेतलेला असतो. वेग फुकट आलेला नसतो. सुरक्षितता देऊन घेतलेला असतो.

दाब वाढवला तर ट्रान्झिस्टर चपळ होतात, म्हणून वेगाबरोबर व्होल्टेजही वाढवतात. डीडीआर-४ ला प्रमाणित १.२ व्होल्ट लागतात. जलद पट्ट्या १.३५ व्होल्टवर चालवतात. वाढ किरकोळ दिसते ना? पण बदलत्या भारामुळे निर्माण होणारी उष्णता विभवांतराच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. २४०० वरून ३२०० वर गेलो आणि १.२ चे १.३५ केले, तर (१.३५ ÷ १.२)² × (३२०० ÷ २४००) = सुमारे १.६९. या भागाची उष्णता जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढली.

तारांचाही प्रश्न आहेच. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून संदेश प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने जातो, म्हणजे एका नॅनोसेकंदात १५ सेंटिमीटर. ६००० वेगाला एका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा भाग येतो. तेवढ्यात संदेश अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो, तोच मागून दुसरा बिट निघतो! शेजारच्या दोन रेघांची लांबी कमीजास्त असेल, तर एकत्र निघालेले बिट एकत्र पोचणार नाहीत. जुना मदरबोर्ड मिळाला तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या रेघा भिंगाखाली पाहा. काही रेघा उगीचच नागमोडी वळणे घेताना दिसतील. ती नक्षी नव्हे. जवळच्या रेघेला मुद्दाम लांब करून सर्वांची लांबी सारखी केलेली असते.

उन्हाचा हिशेब

आता तिसरा प्रश्न. धारित्रातून होणारी गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. ढोबळ मानाने दर १० अंशांमागे दुप्पट धरायला हरकत नाही. म्हणूनच चकतीचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले, तर पुन्हा भरण्याची मुदत निम्मी करावी, असे प्रमाणित नियमातच लिहिले आहे. जानेवारीत नांदेडला खोली २२ अंशांवर असते. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ वर जातो, आणि पंख्याखालची खोलीही ३७-३८ च्या खाली येत नाही. लातूर पठारावर असल्यामुळे थोडे बरे, पण थोडेच. म्हणजे संगणकाच्या पेटीत शिरणारी हवाच १५ अंशांनी तापलेली आहे. चकतीचे तापमानही जवळपास तेवढेच वर सरकते, आणि गळती अडीच-तीन पट होते. जानेवारीत ज्याने सुरक्षित फरक पुरता वापरून टाकला, त्याच्याजवळ मे महिन्यासाठी काहीच उरलेले नसते.

संगणक बंद पडला तर एक वेळ बरे, निदान कळते तरी. खरे भय मूक चुकीचे आहे. बेल्जियममध्ये २००३ साली स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जास्त दाखवली. तिला मिळू शकणाऱ्या मतांपेक्षा आकडा मोठा झाला, म्हणून तो नजरेत आला. ४,०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. फक्त एक बिट '०' चा '१' झाला होता. तेथे कोणी ओव्हरक्लॉक केले नव्हते. अवकाशातून आलेल्या कणाने तो बिट उलटवला असावा, असा तर्क केला गेला. पण एका बिटाची किंमत किती असते, ते यावरून दिसते. शाळेच्या गुणपत्रकात किंवा पतपेढीच्या खातेवहीत असा बिट उलटला, तर तो सापडेलच याची खात्री कोण देईल?

म्हणून जेथे चूक परवडत नाही, तेथे उलट दिशेने विचार करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक बसवला गेला आणि २०२४ मध्ये 'अर्का' आला. मराठवाड्यात पाऊस केव्हा येणार, याचे गणित तेथे मांडले जाते. अशा यंत्रांत वेग वाढवायचा तर हजारो प्रोसेसर एकत्र जुंपतात, रॅमला मात्र तिच्या ठरलेल्या चालीबाहेर पळवत नाहीत. शिवाय अशा रॅममध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीसाठी जास्त ठेवतात. एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान समजते. घरगुती डीडीआर-५ मध्येही चकतीच्या आत अशी थोडी सोय आहे, पण चकतीबाहेर, त्या नागमोडी रेघांवर झालेली चूक ती पकडू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला विक्रमवीर आहेत. ते रॅमवर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात आणि तिला १२,००० च्याही पुढे नेतात. थंडीत गळती जवळजवळ थांबते आणि तारांचा रोधही घटतो. (हाच द्रव नायट्रोजन तुम्हाला पाहायचा असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. देवणी आणि लाल कंधारी गायींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या त्याच्याच पिंपात ठेवतात. मात्र हात घालू नका.) हे विक्रम नोंद करण्यापुरते थोडा वेळ टिकतात. त्या संगणकावर कोणी काम करत नाही.

मग तुम्ही काय करावे? पत्रे टंकित करणे, धडे वाचणे, चित्रपट पाहणे यांत रॅमचा वेग वाढवून काही जाणवणार नाही, कारण प्रोसेसर नेहमी लागणारी माहिती स्वतःजवळच्या लहान साठ्यात ठेवतो. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि चित्रांचे काम रॅममधूनच चालते, तेथे मात्र खेळ किंवा त्रिमिती चित्रणात फरक दिसतो. तसा फरक हवा असेल, तर पट्टीवर नोंदलेली एक्सएमपी किंवा एक्स्पोची नोंद चालू करावी आणि तेथेच थांबावे, असे माझे मत आहे. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, मग मेमटेस्टसारखा तपासणी कार्यक्रम रात्रभर चालवावा. एकही चूक दिसली तरी वेग खाली आणावा. आणि ही तपासणी एकदा मे महिन्यातील दुपारी, कूलर बंद ठेवून, पुन्हा करावी.

करून पहा

एक १००० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टचे धारित्र, ४७ किलोओहमचा आणि २२ किलोओहमचा असे दोन रोध, ९ व्होल्टची बॅटरी आणि मल्टिमीटर घ्या. सगळे साहित्य रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. धारित्राचे धन आणि ऋण टोक बॅटरीच्या त्याच टोकांना जोडून भरा, चुकूनही उलट जोडू नका. भरल्यावर बॅटरी काढा. धारित्राच्या दोन टोकांमध्ये ४७ किलोओहमचा रोध जोडलेला ठेवा. ही तुमची गळती. दाब ९ वरून साडेचार व्होल्टवर यायला सुमारे ३३ सेकंद लागतील. (धारित्रे छापील मापापेक्षा थोडी कमीजास्त असतात, तेव्हा दोन-चार सेकंदांचा फरक पडेल.)

आता तुम्ही रॅम व्हा. दर २० सेकंदांनी दाब मोजा. साडेचारच्या वर असेल तर बॅटरी लावून पुन्हा भरा, खाली असेल तर धारित्राची टोके १०० ओहमच्या रोधाने जोडून ते रिकामे करा. तुमचा '१' सुमारे ५.९ व्होल्टपर्यंत उतरेल आणि पुन्हा भरला जाईल. असे कितीही वेळ चालवा, तो टिकेल.

मग ४७ चा रोध काढून २२ किलोओहमचा लावा. खोलीत मे महिना आला असे समजा. नियम तोच, दर २० सेकंदांनी. पहिल्याच फेरीत मल्टिमीटर किती व्होल्ट दाखवतो आणि नियमाप्रमाणे तुम्हाला काय करावे लागते, ते वहीत लिहा. आता दर १० सेकंदांनी मोजून पाहा, आणि किती सेकंदांची मुदत ठेवली तर तुमचा '१' जेमतेम वाचतो, तेही शोधा.